लठ्ठपणा आणि व्यायामास हृदय व मेंदूचा प्रतिसाद

व्यायामाच्या वेळी स्नायूंची वाढलेली प्राणवायूची गरज भागवण्यासाठी हृदयगती, रक्तदाब, श्वसन आणि मेंदूतील रक्तप्रवाह यांत होणाऱ्या बदलांना व्यायामास मिळणारा प्रतिसाद म्हणतात. लठ्ठपणामुळे हा प्रतिसाद अपुरा पडू शकतो. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण केवळ वजनावरून कळत नाही, ही बाब भारतीयांच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे.

हृदय

निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप करते. जोरदार व्यायामात हे प्रमाण सुमारे २० लिटरपर्यंत जाते. लठ्ठ व्यक्तीच्या शरीरात रक्ताचे एकूण आकारमान अधिक असल्याने हृदयावर विश्रांतीतही जास्त भार असतो. कालांतराने डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड होऊ शकते व तो कप्पा नीट शिथिल होत नाही. व्यायामात हृदयगती अपेक्षेइतकी वाढत नाही आणि व्यायाम थांबल्यावर ती सावकाश उतरते. पहिल्या मिनिटात ती १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरणे हे धोक्याचे लक्षण मानले जाते.

मेंदू

हृदयगतीचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभातून होते. व्यायाम सुरू होताच परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव घटतो व अनुकंपी चेतासंस्थेचा वाढतो. लठ्ठपणात अनुकंपी चेतासंस्था विश्रांतीतही अधिक सक्रिय असल्याने पुढील वाढीस वाव कमी राहतो. मध्यम व्यायामात मेंदूतील रक्तप्रवाह वाढतो. परंतु लठ्ठपणामुळे रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटल्यास ही वाढ मर्यादित राहू शकते. जड शरीर वाहून न्यावे लागत असल्याने तेवढाच जिना चढतानाही श्रम अधिक जाणवतात.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. युडकिन मॅरेथॉन धावत असत; तसेच याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते. या दोन्ही बाबींचा उल्लेख त्या लेखात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवण (ता. चिपळूण) येथील बी.के.एल. वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही कोकणातील किशोरवयीन मुलींच्या पोषण व चयापचयाचा अभ्यास केला जातो.

तपासणी व सुधारणा

आशियाई लोकांसाठी २३ पासूनच्या निर्देशांकास वाढता धोका मानला जातो. भारतात कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हेही धोक्याचे समजतात. नियमित व्यायामाने, वजन फारसे उतरले नाही तरी, हृदयाची कार्यक्षमता सुधारते; त्यामुळे काट्यावरील आकडा न बदलणे म्हणजे व्यायाम निष्फळ ठरणे नव्हे. व्यायामात छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास तो त्वरित थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.