जिवंत पेशी पाहणारे यंत्र सर्वांचे आहे



सिकलसेल हा शब्द बाळापूर-अकोल्याकडच्या आपल्या वस्त्यांना नवा नाही. विदर्भात हा आजार अनुसूचित जाती व आदिवासी समाजात जास्त आढळतो. सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही, लेकरांची शाळा बुडते. याचे मूळ हाडांच्या मगजात आहे. तेथील मूलपेशी जन्मभर नवे रक्त घडवितात. त्यांच्यातच दोष असला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात.

२०२३ साली ब्रिटन व अमेरिकेने एका उपचाराला मान्यता दिली. रोग्याच्याच मूलपेशी काढून, जनुकात बदल करून त्या परत सोडतात. अमेरिकेतील किंमत मात्र २२ लाख डॉलर! असे उपचार गरिबाच्या आवाक्यात यायचे तर संशोधन येथेच झाले पाहिजे.

मूलपेशी कशी वाढते, हे ती जिवंत असतानाच पाहावे लागते. त्यासाठी लेसरचा सूक्ष्मदर्शक लागतो. त्याखाली पेशींना ३७ अंश ऊब आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देतात. जास्त प्रकाशाने पेशी मरतात, म्हणून ठरावीक मिनिटांनी मंद उजेडात एकेक फोटो घेतात. ते जोडले की पेशींचा सिनेमा दिसतो. हे यंत्र कोटींच्या घरातले. म्हणून संस्था एकच यंत्र घेते, जाणकार माणूस नेमते आणि नंबर लावून ते अनेकांना वापरू देते.

पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविण्यासाठीच १९८६ साली त्याची सुरुवात झाली. जानेवारी २०२० पासून ‘आय-स्टेम’ या सरकारी संकेतस्थळावर कोणते यंत्र कोठे आहे ते पाहून आपली वेळ मागता येते.

पण सोय कागदावर असणे आणि हाती येणे, यातला फरक आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली झाला; चवदार तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हाच आपले झाले. हे यंत्रही जनतेच्या पैशाचे तळे आहे.

तेव्हा घरात मुलगा-मुलगी बी.एस्सी. करीत असेल तर तेथेच थांबवू नका. पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, तिची चौकशी करा. आणि लग्न जुळविण्याआधी दोन्हीकडची सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक धोका असतो.

जयभीम!