पंचाच्या कामावरील शेरा

फुटबॉलचा सामना पाहावयास जाणारे लोक दोन संघांकडे पाहतात. शिट्टी घेऊन धांवणाऱ्या पंचाकडे त्यांचें लक्ष जातें तें त्याचा निर्णय न रुचल्यावरच. तथापि मैदानाच्या कडेला कधीं कधीं एक गृहस्थ असा बसलेला असतो कीं, त्याची दृष्टि नव्वदही मिनिटें पंचावर खिळलेली असते. हा निरीक्षक. उमेदवारी करणाऱ्या पंचाचें काम पाहून त्यावर लेखी अहवाल देणें हें त्याचें कर्तव्य. हा अहवाल कसा असावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. कारण या लेखनाची जात आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. शाळातपासनीसांचे शेरे वाचण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास निरुपयोगी शेरा दुरूनच ओळखूं येतो.

‘काम समाधानकारक. स्थान घेण्याकडे अधिक लक्ष द्यावें. खेळाडूंवरील वचक वाढविण्यास वाव आहे.’ हीं तीन वाक्यें कोणत्याही पंचाविषयीं, सामना न पाहतांही लिहितां येतील. ज्या मुलाच्या हातीं तीं पडतात, तो पुढच्या रविवारीं निराळें काय करणार?

आपल्या नैयायिकांनीं दुसऱ्यास पटवून द्यावयाच्या अनुमानाचे पांच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. (पंचाविषयींचें वाक्य पंचावयवी असावें, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.) बहुतेक अहवालांत नुसती प्रतिज्ञा असते. ‘स्थान चुकीचें होतें’ असें म्हटलें, पण कशावरून? कितव्या मिनिटास? चेंडू कोठें होता, पंच कोठें होता, आणि त्यामुळें त्यास काय दिसावयाचें राहिलें? हें सांगितल्यावांचून तें वाक्य आज्ञा होतें, शिकवण होत नाहीं.

२०१० सालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पुष्कळ वाचकांनीं टेलिव्हिजनवर पाहिला असेल. जोहान्सबर्ग येथें ११ जुलै रोजीं स्पेन आणि नेदरलंड्स यांची गांठ होती. पंच होते इंग्लंडचे हॉवर्ड वेब. पहिल्या अर्ध्या तासाच्या आंतच नेदरलंड्सच्या नायजेल डी याँग यानें उंच उचललेला पाय स्पेनच्या झाबी आलोन्सोच्या छातीवर आदळला. वेब यांनीं पिवळें कार्ड दाखविलें. लाल कार्ड द्यावयास हवें होतें, असें बहुतेकांचें मत पडलें. पुढें वेब यांनीं स्वतः सांगितलें कीं, दृष्टीच्या आड दुसरा खेळाडू आल्यामुळें तो प्रकार आपणांस नीट दिसला नव्हता. चित्रफीत पाहून पंचास साहाय्य करण्याची सोय त्या वेळीं नियमांत नव्हती. ती २०१८ सालीं आली.

आतां अशा प्रसंगावर ‘गंभीर चूक, लाल कार्ड योग्य’ एवढेंच लिहिणारा निरीक्षक खोटें लिहीत नाहीं, पण तेवढें कोणताही प्रेक्षक सांगतो. निरीक्षकानें पाहावयाचें तें त्याच्या आधींचे दोन क्षण. चेंडू हवेंत असतां पंच स्थिर उभा राहिला काय? बाजूस तीन पावलें सरकून दोन खेळाडूंमधील फट त्यास मिळविता आली असती काय? निर्णय हा फळ आहे. मूळ पायांत असतें. निर्णय बदलण्यास उपाय नाहीं, पाऊल बदलतां येतें.

पंचानें मैदानावर एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपें धांवावें आणि उरलेल्या बाजू दोन सहायकांनीं संभाळाव्यात, म्हणजे खेळ नेहमीं दोघांच्या दृष्टीच्या मध्यें राहतो, ही पद्धति रूढ करण्याचें श्रेय सर स्टॅन्ली रौस यांस देतात. १९३८ सालीं खेळाचे नियम नव्यानें सुसंगत लिहून काढणारे ते हेच, आणि मूळचे शाळामास्तर! मास्तरांचा हात लागला कीं, गोष्ट समजेल अशी लिहिली जाते, असें म्हणण्याचा मोह येथें आवरत नाहीं.

निरीक्षकानेंही नियमांचीच भाषा वापरावी. ‘धसमुसळा खेळ रोखला नाहीं’ म्हणजे काय? बाराव्या नियमांत तीन पायऱ्या स्पष्ट आहेत. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक पुरे. प्रतिपक्ष्याच्या जिवाची पर्वा न करणारा बेदरकारपणा असेल तर पिवळें कार्ड. अतिरिक्त बळ वापरलें असेल तर लाल. पंचानें कोणती पायरी ओळखली व त्यास कोणती ओळखावयास हवी होती, एवढें लिहिलें कीं वाद उरत नाहीं. मात्र सत्तर पावलांवर बसून, पांच पावलांवर असलेल्या पंचास काय दिसलें हें ठरवूं नये. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद येथें विसरतां कामा नये.

चांगल्या नोंदीचा एक नमुना देतों. ‘६२ व्या मिनिटास मध्यरेषेजवळ फाऊल झाला. शिट्टी वेळेवर वाजली, पण आपण वीस पावलें दूरच थांबलांत. तेवढ्यांत आणखी चौघे धांवून आले व ढकलाढकली झाली. ७५ व्या मिनिटास मात्र आपण लागलीच त्या जागीं पोंचलांत, आणि दोघेही मुकाट्यानें वेगळे झाले. दुसऱ्या वेळीं केलें तें पहिल्या वेळींही करावें.’ यांत स्तुति आहे, दोष आहे, आणि उपाय पंचाच्याच कृतींतून काढलेला आहे.

अशा नोंदी सुधारणेसाठीं दोनच द्याव्यात, फार तर तीन. टिपणवहींत वीस असोत. अठरा पोटांत ठेवाव्यात. निरीक्षकाची दृष्टि किती सूक्ष्म आहे हें दाखविण्याचें स्थळ अहवाल नव्हे. गुण देण्याची पद्धत असेल तेथें मुलगा प्रथम आंकडाच पाहतो व मजकूर रागानें वाचतो, हा वर्गांतील अनुभव मैदानासही लागू आहे. म्हणून बढतीसाठीं गुण देणारा अहवाल आणि शिकविण्यासाठीं लिहिलेला अहवाल शक्य तेथें वेगळे असावेत, असें माझें स्पष्ट मत आहे.

हौशी सामन्यांतील पंचास शिव्याही खाव्या लागतात. इंग्लंडमध्यें तर २०२३ सालीं कांहीं प्रौढांच्या हौशी स्पर्धांत पंचांच्या छातीवर कॅमेरे बांधण्याचा प्रयोग करावा लागला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अशा गदारोळांतून घरीं येतो, तेव्हां निरीक्षकाचा कागद हाच कदाचित् त्या दिवसाचा एकमेव निःपक्षपाती शब्द असतो. तो कोरडा निघाला तर शिट्टी खुंटीवर टांगली जाते. यासाठीं सामना संपतांच त्याच्यावर तुटून पडूं नये. त्यास पाणी पिऊं द्यावें, मग ‘तुला तेथें काय दिसलें?’ असें प्रथम विचारावें. पुष्कळदां तो आपली चूक आपणच सांगतो, आणि अहवालांतील एक कलम कमी होतें.

लेखी अहवाल दोन दिवसांच्या आंत त्याच्या हातीं पडावा. प्रसंग स्मरणांत ताजा आहे तोंच. पुढच्या सामन्यास निरीक्षक दुसरा असेल, तर मागील अहवाल त्यासही द्यावा, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच तो त्या दोन गोष्टींकडे पाहूं लागेल.