डबा कोणाचा आणि तपासणी कोणाची?

नातेपुत्यास अद्याप आगगाडी आलेली नाही. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दरवर्षी या गावी मुक्कामास असते, शिखर शिंगणापूरचे यात्रेकरू या वाटेने जातात. परंतु गावातील एखाद्या वृद्ध दांपत्यास काशी-रामेश्वर करावयाचे मनात आले, तर आधी एस्टीने पंढरपूर किंवा कुर्डुवाडी गाठावी लागते. हे दांपत्य आता सुटे तिकीट काढून निघतेच असे नाही. एखाद्या यात्रा कंपनीकडे ते पैसे भरते आणि कंपनी अख्खा डबा, क्वचित अख्खी गाडीच, आपल्या मंडळींसाठी घेते. आचारी बरोबर, पंक्तीला ओळखीची माणसे, सामानाची चिंता नाही. सोय मोठी आहे, हे आम्हीही मानतो. परंतु त्या डब्यात पाऊल ठेवण्यापूर्वी तो कोणी तपासला, हा प्रश्न पैसे भरणाराच्या मनास शिवतही नाही.

२६ ऑगस्ट १९२३ नव्हे, २०२३ची गोष्ट. आपण जणू शंभर वर्षांपूर्वीचे काही वाचत आहोत असे वाटावे, असाच तो प्रकार होता. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन निघालेला, खासगी आयोजकाने आरक्षित केलेला एक डबा पहाटे मदुराईस गाडीपासून सोडवून यार्डात उभा करण्यात आला होता. पाचच्या सुमारास आत चहाची तयारी चालू असता आग भडकली आणि नऊ माणसे प्राणांस मुकली. नियमाविरुद्ध गॅसचे सिलिंडर आत नेण्यात आले होते, असे रेल्वेने त्याच दिवशी सांगितले. डबा रेल्वेचा होता, धावतही नव्हता. चाक निखळले नाही, ब्रेक निकामी झाला नाही. ज्या गोष्टी तपासण्याची शिस्त आपल्या रेल्वेत पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे, त्यांचा या मृत्यूंशी संबंधच नव्हता. मृत्यू आतून आला, आणि डब्याच्या आतला भाग हा आयोजकाचा की रेल्वेचा, हेच आपल्याकडे धूसर राहिले आहे.

खासगी मालकीची गाडी ही गोष्ट सोलापूर जिल्ह्यास नवी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरास पोहोचली आणि पुढे लातूर व मिरजेपर्यंत वाढून सुमारे दोनशे मैलांची झाली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारच्या ताब्यात आली. रूळ, इंजिने, डबे, सारे कंपनीचे. परंतु तपासणीचा अधिकार मात्र कंपनीचा नव्हता. १८९० च्या रेल्वे कायद्याने सरकारी निरीक्षकास उतारूंसाठी मार्ग खुला होण्यापूर्वी तो पाहण्याचा आणि पुढेही रुळांची व डब्यांची वेळोवेळी तपासणी करण्याचा अधिकार दिला होता. प्रत्येक खणात किती माणसे बसवावयाची, तो आकडा ठरवून सर्वांस दिसेल असा लावण्याचे बंधनही त्याच कायद्यात होते. आषाढीच्या गर्दीत त्या आकड्याकडे कोण पाहत असेल, ते विठ्ठलच जाणे! तथापि कायद्याने तत्त्व स्पष्ट मांडले होते: डबा कोणाचाही असो, त्यात बसणारा उतारू हा सरकारच्या काळजीचा विषय आहे.

पुढे १९४१ साली रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून वेगळ्या खात्यास जोडण्यात आले. गाडी चालविणारा आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा एकाच वरिष्ठास उत्तर देत असला, तर देखरेख नावापुरतीच उरते, हा त्यामागील विचार. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. व्यवस्था शहाणपणाची आहे. पण आयुक्तांचे लक्ष मुख्यतः नवे मार्ग, नव्या धाटणीचे डबे आणि अपघातांची चौकशी यांकडे असते. रोजची तपासणी रेल्वेचे कर्मचारीच करतात, आणि यात्रेसाठी दिलेल्या डब्यात कोणती शेगडी चढली, हे पाहणे त्यांच्यापैकी नेमके कोणाच्या माथी आहे, ते उतारूस कळावयास मार्ग नाही.

हा प्रश्न यापुढे वाढणार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या भारत गौरव योजनेने अख्ख्या गाड्या खासगी आयोजकांस भाड्याने मिळू लागल्या. त्यांतील पहिली १४ जून २०२२ रोजी कोइंबतूरहून सुटली ती आपल्याच शिर्डीस. अमेरिकेत हौशी श्रीमंत मंडळी स्वतःचे डबे बाळगतात व ते अ‍ॅमट्रॅकच्या गाडीस जोडून प्रवास करतात. परंतु असा डबा जोडून घेण्यापूर्वी त्याची वार्षिक तपासणी मालकाने स्वखर्चाने करून घ्यावी लागते. आमच्याकडे मालकी रेल्वेची आणि वापर आयोजकाचा, म्हणून जबाबदारी दोघांत विभागली जाते आणि विभागता विभागता नाहीशी होते.

१९८९ च्या रेल्वे कायद्याने धोकादायक वस्तू बेकायदा नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. सिलिंडर पकडले गेल्यावर हे ठीक. ते चढूच नये यासाठी डबा सुटण्यापूर्वी, आणि वाटेत जेथे जेथे तो सोडवून उभा केला जातो तेथे तेथे, आतून तपासला गेला पाहिजे. तपासणाऱ्याचे नाव, वेळ आणि सही दाराशी चिकटवावी, मराठीत व हिंदीत, म्हणजे नातेपुत्याच्या आजोबांनाही ती वाचता येईल. आयोजकाची अनामत रक्कम या दाखल्याशी बांधावी. आणि एक गोष्ट रेल्वेनेही करावी. रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पहाटे पाचला चहा लागतोच. तेव्हा यार्डात उभ्या केलेल्या डब्यापर्यंत स्टेशनातून चहाची किटली पोहोचविण्याची व्यवस्था करावी.