सीमेवरचे गाव आणि वाहनाचा क्रमांक

राज्यांच्या सीमा शासनाच्या सोयीसाठी आखल्या जातात. परंतु सीमेलगतच्या माणसाला त्या अनेकदा गैरसोयीच्याच होतात. आपल्या बऱ्हाणपूरचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

तापीकाठचे हे नगर फारुकी सुलतानांच्या काळापासून खानदेशाचे मुख्य ठाणे. १९५६ पूर्वीच्या ज्या मध्यप्रदेशात ते होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहिले आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. रेषा बदलली, तरी सोयरिकी, केळीचा व्यापार आणि शिक्षण यांनी रावेर-भुसावळचा रस्ता सोडला नाही. त्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला मात्र राज्याची पाटी लावावीच लागते. पुढे १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. त्यामुळे खंडव्याच्या ‘एमपी १२’ऐवजी ‘एमपी ६८’ ही खूण आपल्याला मिळाली. परंतु राज्याच्या सीमेचा प्रश्न तसाच राहिला.

या बाबतीत परवाना आणि नोंदणी यांची गल्लत होते. वाहन चालविण्याचा परवाना भारतभर चालतो. नव्या परवान्यासाठी राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता यावा, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने केली. म्हणजे तालुक्या-जिल्ह्याची कुंपणे सैल करण्याची दिशा कायद्याने धरली. राज्याचे कुंपण मात्र कायम आहे.

खरी अडचण नोंदणीची. समजा, येथील एखादा तरुण नोकरीनिमित्त भुसावळला गेला आणि आपली मोटारसायकल तेथेच ठेवू लागला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी देशभर ग्राह्य असते; पण वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिले, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. ते देण्यापूर्वी वाहन चोरीचे नाही आणि कर थकलेला नाही, याची खातरजमा होते. वाहनावर कर्ज असेल, तर सावकाराची संमतीही हवी. त्यानंतर नव्या राज्याचा कर भरावा लागतो. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा त्या राज्याच्या नियमांनुसार निराळा मागावा लागतो. ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याला हे हेलपाटे परवडत नाहीत. मग तो जुन्याच क्रमांकावर गाडी चालवितो आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी जीव मुठीत धरतो.

याचे मूळ राज्यघटनेत आहे. मोटार वाहनांविषयीचे कायदे समवर्ती सूचीत आहेत, तर वाहनांवरील कर राज्यसूचीत. २०२१ साली ‘बीएच’ क्रमांकमाला निघाली. तिच्यात राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. परंतु ती मुख्यतः सैनिक, सरकारी कर्मचारी आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकर यांच्यासाठी आहे. आमच्यासारख्या शिक्षकाला तिचा आधार मिळू शकतो; केळीच्या बागेत राबणाऱ्याला आणि किराणा दुकानदाराला मात्र नाही. सीमेवर रोज ये-जा करणारे बहुतेक लोक याच दुसऱ्या वर्गातले!

एक तरतूद वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. ना-हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर ३० दिवसांत नकार कळविला नाही, तर कायद्याने ते दिले गेले असे मानले जाते. म्हणून अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवावी.

कराची देवघेव दोन राज्यांनी परस्परांत मिटवावी, नागरिकाने एकदाच अर्ज करावा, एवढीच मागणी आहे. सीमा पुसून टाका, असे कोणी म्हणत नाही. दोन राज्यांच्या हिशेबाचा भार गरीब वाहनधारकाच्या माथी पडू नये, इतकेच.