मानधन, स्पर्धा, महोत्सव: नांदेड-लातूरच्या कलेवरचा सरकारी पैसा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कलेसाठी सरकारी पैसा मुख्यतः तीन वाटांनी आला. वृद्ध कलावंताला मानधन मिळाले, हौशी रंगकर्मीला स्पर्धा मिळाली आणि लोककलावंताला महोत्सवातला कार्यक्रम मिळाला. चालत्या फडाला किंवा मंडळाला उभे राहण्यासाठी भांडवल देणारी चौथी वाट उशिरा निघाली आणि अरुंदच राहिली. गेल्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण पैसा ज्या रूपात आला त्या रूपाचा ठसा कलेवरही उमटला.

निजामी राजवटीत हा सारा भाग हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण होते, तर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. गावच्या कलावंताचा पोशिंदा तेव्हा सरकार नव्हे, गाव होता. अलुतेदारांत मोडणाऱ्या गोंधळ्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. लग्नानंतरचा गोंधळ, खंडोबाचे जागरण आणि जत्रेतला तमाशा यांचा खर्च यजमान किंवा गावकी उचलत असे. माहूरची रेणुकामाता आणि माळेगावचा खंडोबा ही दैवते नांदेड जिल्ह्यातच असल्याने आराधी, गोंधळी, वाघ्या-मुरळी यांना वर्षाचे काम ठरलेले असे. ही व्यवस्था जातीने बांधलेली होती, तिच्यात मान कमी होता आणि बिदागी यजमानाच्या मर्जीवर होती. मात्र ती कलावंताच्या दारातली व्यवस्था होती आणि अर्ज मागत नव्हती.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. या तारखांना इथे महत्त्व आहे. आजही चालू असलेल्या दोन मोठ्या योजना, म्हणजे राज्य नाट्य स्पर्धा आणि वृद्ध साहित्यिक-कलावंतांचे मानधन, मुंबई राज्यात 1954 च्या सुमारास सुरू झाल्या, तेव्हा नांदेड-लातूर त्या राज्यात नव्हतेच. मुंबई-पुण्याच्या गरजा समोर ठेवून बेतलेला अंगरखा मराठवाड्याला दोन वर्षांनी तयार मिळाला. बंद नाट्यगृहातले तीन अंकी नाटक ही त्या स्पर्धेची कल्पना होती आणि मराठवाड्याच्या खेड्यातला प्रयोग तर देवळापुढच्या पटांगणात होत होता.

तरीही हौशी रंगभूमीला स्पर्धेने जे दिले ते थोडे नव्हे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा केंद्रनिहाय प्राथमिक फेरी आणि मग अंतिम फेरी अशी होते. नांदेड हे तिचे जुने केंद्र आहे, पुढे लातूरलाही केंद्र मिळाले. नाट्यगृहाचे भाडे, परीक्षकांचा खर्च आणि बक्षिसे सरकार देते, संघाला निर्मितीखर्चापोटी ठरावीक रक्कम मिळते आणि प्रेक्षकाला दहा-पंधरा रुपयांत नाटक पाहता येते. नांदेडच्या कुसुम सभागृहात स्पर्धेच्या दिवसांत जे घडते ते साधारण असे: संघाचा टेम्पो सकाळी मागच्या दाराशी लागतो, दुपारभर नेपथ्याचे लेव्हल आणि फ्लॅट ठोकण्याचा आवाज चालतो, शाळा-बँकेतून अर्धी रजा टाकून आलेली मंडळी चेहरे रंगवायला बसतात आणि संध्याकाळी पडदा वर जातो. रात्री सेट उतरवून सभागृह रिकामे करावे लागते, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघाची पाळी असते. दोन-तीन महिन्यांच्या तालमींचा प्रयोग बहुधा एकच. अंतिम फेरी गाठली तर दुसरा.

स्पर्धेच्या बळाचा आणि दुबळेपणाचा उगम या एका प्रयोगातच आहे. त्याने दरवर्षी नवे लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार घडवले. दत्ता भगत यांच्यासारखा नाटककार नांदेडात राहून, तिथल्या महाविद्यालयात शिकवत लिहिता झाला आणि ‘वाटा पळवाटा’ने राज्यभर पोचला, त्यामागे या शहरातल्या हौशी रंगभूमीचे वातावरण होते. परंतु स्पर्धेचा पैसा प्रयोग संपताच संपतो. तेच नाटक भोकर, मुखेड, निलंगा, अहमदपूरला नेण्यासाठी त्यात तरतूद नाही. परिणामी परीक्षकांना काय रुचते याचा अंदाज बांधून संहिता निवडण्याची सवय लागली आणि तालुक्याचा प्रेक्षक हिशेबाबाहेर राहिला. हा दोष संघांचा म्हणता येत नाही. ज्या दिवसासाठी अनुदान मिळते, तयारी त्याच दिवसाची होणार.

लेखनाच्या बाजूने पाहता महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना हा तुलनेने सरळ मार्ग होता. 1960 मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेले हे मंडळ पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मदत करते. प्रकाशन-व्यवसाय पुण्या-मुंबईत एकवटलेला असताना नांदेड-लातूरच्या कवीला वशिल्याशिवाय हस्तलिखित पाठवता येईल असे हे एक ठिकाण होते.

मानधन योजनेची गोष्ट वेगळी आहे. 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि लातूरच्या कलावंताचा अर्ज लातुरातच विचारात घेतला जाऊ लागला. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याला वर्षाला नव्या लाभार्थ्यांची ठरावीक संख्या असते, म्हणून जिल्हा होणे ही तिथल्या कलावंतांसाठी कागदापुरती गोष्ट नव्हती. ही संख्या बराच काळ 60 होती. 2011 च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे 33 लाख 61 हजार आणि तालुके 16, तर लातूरची सुमारे 24 लाख 54 हजार आणि तालुके 10. दोघांना वाटा सारखाच. म्हणजे लातूरच्या तालुक्याला सरासरी सहा जागा येत तेव्हा नांदेडच्या तालुक्याला चारसुद्धा पुऱ्या येत नसत. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध यांची दंडार आणि ढेमसा ही नृत्ये आहेत, देगलूर-बिलोलीकडे तेलंगणाला लागून वेगळे सूर आहेत, लोहा-कंधारला खंडोबाचे वाघ्ये आहेत. इतक्या विविधतेच्या जिल्ह्याला ही समसमान वाटणी तोकडीच पडणार होती.

मानधनाची रक्कम राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेणींत विभागलेली होती. 2019 च्या वाढीनंतर ती महिन्याला अनुक्रमे 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये झाली. खेड्यातला भजनी किंवा हलगीवादक साहजिकच शेवटच्या श्रेणीत येई, कारण वरच्या श्रेणीसाठी जे पुरावे लागतात ते त्याच्याकडे नसत. पन्नाशी ओलांडलेली असावी, कलेत किमान पंधरा वर्षे गेलेली असावीत, उत्पन्न मर्यादेत असावे, या अटी ऐकायला रास्त वाटतात. अडचण पुराव्यापाशी येते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि वयाचा दाखला धावपळ करून मिळतो. पण चाळीस वर्षे रात्रीचे जागरण घालणाऱ्याने कुणाकडून प्रमाणपत्र घ्यायचे? त्याच्या कलेची कात्रणे निघालेली नसतात, निमंत्रणपत्रिकांवर नाव छापलेले नसते. मग ज्याने दोन-चार सरकारी महोत्सवांत हजेरी लावली आणि प्रशस्तिपत्रके जपून ठेवली त्याची फाईल जाड होते. त्यात निवड जिल्हा समितीकडे, आणि समिती पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमली जाणारी. नेमणूक लांबली की अर्ज पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात पडून राहत. योजनेतली एक तरतूद मात्र आवर्जून नोंदवावी अशी आहे: कलावंताच्या मृत्यूनंतर मानधन त्याच्या पती किंवा पत्नीला चालू राहते. ज्या घरात कला हाच एक धंदा होता तिथे या तरतुदीचे मोल मोठे.

तिसरी वाट महोत्सवांची, आणि तिचे मूळ सरकारच्याही आधीचे. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, भटक्या जमातींचा मेळा आणि तमाशाचे तंबू ही तिची जुनी ओळख. नांदेड जिल्हा परिषद या यात्रेची व्यवस्था पाहते आणि पशुप्रदर्शन, कुस्त्यांच्या जोडीला लावणी महोत्सव व पारंपरिक लोककला महोत्सवही भरवते. कलावंतांच्या दृष्टीने इथे दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. एकीकडे जिल्हा परिषदेच्या मंचावर मानधन घेऊन लावणी होते, प्रेक्षकाला ती फुकट. दुसरीकडे फडमालक तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतो. फुकटच्या मंचामुळे तंबूचा गल्ला घटतो, ही कुरकुर गैरलागू म्हणता येणार नाही, जरी मंचामुळे एरवी न पोचणाऱ्या कलावंतांना मोठा प्रेक्षक मिळतो हेही खरे.

देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या साक्षीने भरणारा होट्टल महोत्सव आणि नांदेडच्या बंदाघाटावरची दिवाळी पहाट हे अलीकडचे उपक्रम. त्यांत जिल्हा प्रशासनाचा हात मोठा आहे. 2024 च्या सुरुवातीला शिवराज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षानिमित्त महासंस्कृती महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत झाले, त्यांत हे दोन्ही जिल्हे होते. अशा कार्यक्रमांची एक ठरावीक रचना बनली आहे: मुख्य रात्र मुंबई-पुण्याच्या नामवंत गायकाला आणि संध्याकाळची सुरुवातीची वेळ स्थानिकांना. पैशांची वाटणीही त्याच क्रमाने होते. खुर्च्या भरायला नामवंत लागतात हा आयोजकांचा युक्तिवाद खोटा नाही, पण मग त्या खर्चाला स्थानिक कलेची मदत म्हणू नये.

याखेरीज प्रचाराचा पैसा आहे, ज्याची गणना सहसा कलेच्या अनुदानात होत नाही. जिल्हा माहिती कार्यालये निवडसूचीतल्या कलापथकांकडून शासकीय योजनांवर पथनाट्ये आणि पोवाडे करवून घेतात. केंद्राचा गीत व नाटक विभागही 1954 पासून, 2017 मध्ये दुसऱ्या विभागात विलीन होईपर्यंत, हेच करत होता. यातून शाहिरांना रोख काम मिळते, पण विषय आणि मजकूर वरून येतो. शाहिरी ही मुळात सरकारला चार शब्द सुनावणारी कला, ती योजनेची माहितीपत्रिका गाऊ लागली की तिचा ताठा जातो. पोट भरण्यासाठी गाणाऱ्याला त्यासाठी बोल लावणे मात्र अन्यायाचे ठरेल.

फडांना भांडवली आणि प्रयोग अनुदान देण्याची योजना या शतकात आली. तमाशा, शाहिरी, लावणी, दशावतार, खडीगंमत यांचा तिच्यात समावेश आहे. नोंदणी, प्रयोगांची संख्या, हिशेबतपासणी अशा अटी मोठे संघटित फड पुऱ्या करू शकतात. नांदेड-लातूरच्या छोट्या, जत्रेपुरत्या एकत्र येणाऱ्या पार्ट्यांना ते जड जाते. संचालनालयाचे विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, दोन्ही शहरांपासून अडीचशे किलोमीटरहून लांब. एका त्रुटीच्या पूर्ततेसाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचे दुहेरी भाडे जाते.

कोरोनाने या सगळ्याची परीक्षा घेतली. जत्रा बंद, लग्नातले गोंधळ बंद, माळेगावची यात्राही बंद. 2021 मध्ये राज्य सरकारने सुमारे 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5,000 रुपये एकरकमी मदत देण्याचे ठरवले. त्यासाठी याद्या करायला घेतल्यावर कळले की कलावंत किती, कोणते आणि कुठे, याची नोंदच नाही. सत्तर वर्षे पैसा देणाऱ्या यंत्रणेपाशी घेणाऱ्यांची वही नव्हती.

त्याच्या मागोमाग, एप्रिल 2022 मध्ये, लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष भारत सासणे. सरकारचे अनुदान तेव्हा 50 लाख रुपये होते, पुढल्या वर्षी वर्ध्याच्या संमेलनावेळी ते 2 कोटींवर गेले. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले, गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली. विद्रोहीवाले सरकारी अनुदान घेत नाहीत, लोकांकडून मूठभर धान्य आणि एक रुपया मागतात. खळ्यावरच्या जुन्या धान्यापेक्षा हे वेगळे आहे, कारण इथे मूठ जातीच्या हक्काने नव्हे, मतासाठी दिली जाते. उदगीरकरांनी दोन्ही मांडवांत गर्दी केली, आणि कोणता पैसा अधिक मोकळा या चर्चेला आयता पुरावा मिळाला.

2024 मध्ये मानधनाच्या श्रेणी काढून सर्वांना सरसकट 5,000 रुपये करण्यात आले, जिल्ह्याची वार्षिक संख्या 100 झाली आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. श्रेणी गेली हा या काळातला सर्वांत न्याय्य बदल म्हणावा लागेल. खेड्यातला हलगीवाला आणि राज्यभर गाजलेला गायक यांची म्हातारपणीची भूक सारखीच असते, हे सरकारने प्रथमच मान्य केले. मात्र नांदेड-लातूरची समसमान वाटणी तशीच राहिली.

2025 च्या गणेशोत्सवाच्या सुमारास 1,800 भजनी मंडळांना प्रत्येकी 25,000 रुपये भांडवली अनुदान देण्याची घोषणा झाली. हा एकूण साडेचार कोटींचा खर्च आणि तो वाद्यांसाठी. दर गावात एक तरी भजनी मंडळ असलेल्या या दोन जिल्ह्यांना त्यातून किती मिळणार हा प्रश्न आहेच. पण पैशाचे रूप नवे आहे: तो माणसाच्या म्हातारपणाला नाही, एका संध्याकाळच्या कार्यक्रमालाही नाही, तर मृदंग, पेटी आणि टाळांना आहे. ही वाद्ये मंडळाच्या मालकीची होतील आणि शाई उतरलेला मृदंग पुन्हा भरून आणायचा खर्च पुढच्या वर्षी मंडळालाच करावा लागेल.