विश्रांतीचा हक्क आणि हवाई सुरक्षा : भारतातील संघटित वैमानिकांच्या दैनंदिन कार्यविषयक प्रश्नांचे स्वरूप

प्रस्तावना

कामगार चळवळीचा अभ्यास करताना गिरणी कामगार, रेल्वे कर्मचारी, बँक कर्मचारी व शिक्षक यांच्या संघटनांचा विचार प्रामुख्याने केला जातो. भरघोस वेतन व सामाजिक प्रतिष्ठा लाभलेला वैमानिक हा 'कामगार' या संज्ञेत सहसा बसविला जात नाही. त्यामुळे वैमानिकांनी संप केला की तो सुखवस्तू वर्गाचा हट्ट आहे, अशी सर्वसाधारण प्रतिक्रिया उमटते. परंतु वैमानिकांच्या मागण्यांचे बारकाईने अवलोकन केल्यास असे दिसते की, वेतनाइतकाच किंबहुना त्याहून अधिक आग्रह कामाचे तास, रात्रपाळी, साप्ताहिक विश्रांती व रजा यांसाठी धरला गेला आहे. या मागण्यांचा संबंध केवळ वैमानिकाच्या सोयीशी नसून विमानातील प्रत्येक प्रवाशाच्या जीविताशी आहे. या प्रश्नांचे स्वरूप, त्यामागील कायदा व संघटनांनी अवलंबिलेले मार्ग यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नागपूर आणि रात्रीचे उड्डाण

रात्रीच्या उड्डाणांशी नागपूरचे नाते फार जुने आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा देशाच्या मध्यभागी असलेल्या या शहराची केंद्र म्हणून निवड झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या व प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. एका शहरात सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात पोहोचावे, यासाठी वैमानिकांना संपूर्ण रात्र जागून काढावी लागे. डिसेंबर १९५३ मध्ये सोनेगावहून रात्री झेपावलेले एक डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि या सेवेतील जोखीम नागपूरकरांना जवळून दिसली.

त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९५३ रोजी, हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स व परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही दोन महामंडळे अस्तित्वात आली. या विभागणीनुसार वैमानिकांच्या संघटनाही वेगळ्या राहिल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या त्यांपैकी प्रमुख होत.

वैमानिकाच्या कामाचा दिवस

वैमानिकाच्या तक्रारी समजून घेण्यासाठी दोन संज्ञांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. विमान उड्डाणासाठी हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचा काळ म्हणजे 'उड्डाणकाळ'. वैमानिक कामावर हजर झाल्यापासून कामातून मोकळा होईपर्यंतचा काळ म्हणजे 'ड्यूटीचा काळ'. समजा, एका वैमानिकाने एका दिवसात सव्वा तासाची चार उड्डाणे केली. त्याचा उड्डाणकाळ पाच तासांचा भरेल. परंतु उड्डाणापूर्वीची तासाभराची तयारी, मधल्या तीन थांब्यांतील प्रत्येकी पाऊण तास आणि शेवटचा अर्धा तास धरला, तर ड्यूटी पावणेनऊ तासांची होते. विमानतळापर्यंतचा प्रवास व पहाटे तीन वाजता उठणे यांची गणना त्यातही होत नाही.

वेतनाचा मोठा भाग अनेक कंपन्यांत उड्डाणाच्या तासांशी निगडित असतो. त्यामुळे विमानास उशीर झाल्यास श्रम वाढतात, पण मोबदला त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय कमी उड्डाणे म्हणजे कमी वेतन, असे समीकरण असल्याने थकलेल्या वैमानिकासमोर विश्रांती की उत्पन्न असा पेच उभा राहतो. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या कंपनीत हमी वेतनाचे मासिक तास ७० वरून ४० वर आणणारा नवा करार पुढे आला, तेव्हा वैमानिकांत तीव्र असंतोष निर्माण होऊन अनेक उड्डाणे रद्द करावी लागली.

या जोडीला कामाचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, हा नित्याचा प्रश्न आहे. ऐनवेळी बदललेले रोस्टर, नाकारलेली रजा, सलग रात्रपाळ्या आणि नोकरी सोडताना द्यावी लागणारी दीर्घ मुदतीची पूर्वसूचना या तक्रारी संघटनांकडे वारंवार येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये ही मुदत कप्तानासाठी एक वर्ष व सहवैमानिकासाठी सहा महिने अशी निश्चित केली. ठरावीक काळाने द्यावी लागणारी वैद्यकीय व कौशल्य चाचणी हीदेखील चिंतेची बाब असते, कारण तीत अपात्र ठरल्यास उपजीविकाच धोक्यात येते. त्यामुळे प्रकृतीविषयी मोकळेपणाने बोलण्यास वैमानिक कचरतो.

थकवा : वैयक्तिक दुर्बलता नव्हे

मानवी शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळेत शरीराचे तापमान, सावधता व निर्णयक्षमता नीचांकावर येते. इच्छाशक्तीच्या बळावर त्यावर पूर्ण मात करता येत नाही. गाढ झोपेतून अचानक जागे झाल्यावर काही मिनिटे बुद्धी मंद राहते, हेही सिद्ध झालेले आहे.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानास झालेल्या अपघातात १५८ जण मृत्युमुखी पडले. दुबईहून रात्री निघालेले हे विमान सकाळी उतरत होते. उड्डाणाच्या बऱ्याच काळात कप्तान झोपलेले होते आणि जागे झाल्यानंतरच्या मंदतेचा त्यांच्या निर्णयावर परिणाम झाला असावा, असे चौकशीत नमूद झाले.

७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोड अपघाताने नागपूरकरांस विशेष हळहळ वाटली. कप्तान दीपक साठे यांचे नागपूरशी कौटुंबिक नाते होते. या अपघातात दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. विहित कार्यपद्धतीचे पालन न होणे हे संभाव्य कारण चौकशी अहवालाने दिले. पण अहवाल तेथेच थांबला नाही. कोझिकोड तळावर कप्तानांची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी तेथेच परतण्याचा दबाव निर्णयामागे असावा, याकडेही त्याने लक्ष वेधले. उद्याचे रोस्टर आजच्या निर्णयात कसे शिरते, याचे हे उदाहरण होय.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी निघालेला इंडिगोचा एक वैमानिक विमानात चढण्यापूर्वीच कोसळला व मरण पावला. त्याआधी त्यास २७ तासांची विश्रांती मिळाली होती. म्हणजेच त्या वेळच्या नियमांचा भंग झालेला नव्हता. हा मृत्यू थकव्यामुळेच झाला असे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणणे अभ्यासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. मात्र आदल्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालेल्या कामाची माहिती पुढे आल्यानंतर, नियमात बसणारे रोस्टर शरीरासही मानवते काय, हा प्रश्न देशभर विचारला गेला.

संघटनांचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये हवाई वाहतूक ही 'लोकोपयोगी सेवा' होती. त्यामुळे पूर्वसूचनेवाचून संप बेकायदा ठरे. परिणामी 'सामूहिक आजारपणाची रजा' हा पर्याय पुढे आला. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही संघटना स्थापन केल्यानंतर दोन सहकाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. त्याच्या निषेधार्थ सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक पाच दिवस एकाच वेळी 'आजारी' पडले. येथे प्रश्न वेतनाचा नव्हता, तर संघटना स्थापन करण्याच्या हक्काचा होता.

२००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, परंतु सेवाशर्ती एक झाल्या नाहीत. समान वेतनासाठी इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने २७ एप्रिल ते ६ मे २०११ या काळात संप केला. पुढील वर्षी ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणात पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना स्थान देण्यास विरोध करीत इंडियन पायलट्स गिल्डने ५८ दिवसांचे आंदोलन केले. ते ३ जुलै २०१२ रोजी मागे घेण्यात आले. दोन्ही वेळा संघटनांची मान्यता काढून घेतली गेली व अनेक वैमानिक बडतर्फ झाले. पुढे ते कामावर परतले असले, तरी एकाच कंपनीतील दोन संघटना परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्याने प्रवाशांची सहानुभूती मात्र संघटनांनी गमावली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने हा मार्ग अधिकच अरुंद केला आहे. पन्नास टक्के वा अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा हाही संपच मानला जातो आणि संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना सर्वच औद्योगिक आस्थापनांत आवश्यक ठरली आहे.

नियमांची लढाई : २०२४ ते २०२६

संपाच्या तुलनेत नियामक संस्था व न्यायालय यांच्यामार्फत झालेला प्रयत्न अधिक फलदायी ठरला. महासंचालनालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. 'रात्र' या संज्ञेची मर्यादा पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या ड्यूटीत पूर्वी सहापर्यंत अनुज्ञेय असलेल्या विमान उतरविण्याच्या वेळा दोनवर आल्या. रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीत उड्डाणकाळ आठ तास व ड्यूटी दहा तास इतकी मर्यादा घातली गेली. थकव्याविषयीचे त्रैमासिक अहवाल सादर करणेही कंपन्यांवर बंधनकारक झाले.

हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हावयाचे होते. परंतु कंपन्यांच्या आक्षेपानंतर मार्च २०२४ मध्ये अंमलबजावणी लांबणीवर पडली. वैमानिक संघटनांचा पाठपुरावा दिल्ली उच्च न्यायालयात चालू राहिला आणि २०२५ मध्ये दोन टप्पे ठरले. बहुतेक तरतुदी १ जुलै २०२५ पासून व उर्वरित १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या.

खरी कसोटी त्यानंतर लागली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि लाखो प्रवाशांचे हाल झाले. नव्या नियमांनुसार लागणाऱ्या मनुष्यबळाचे नियोजन पुरेसे झालेले नव्हते. ५ डिसेंबर रोजी महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, ही तरतूद मागे घेतली आणि इंडिगोस रात्रपाळीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. संघटनांनी यास हरकत घेतली. नियोजन न करणाऱ्यास सवलत मिळते, तर नियम पाळण्याची प्रेरणा कोणास राहील, हा या हरकतीमागील मुद्दा होता.

रजेची तरतूद वरकरणी किरकोळ वाटते. तथापि विश्रांती ही मागील आठवड्याचा थकवा भरून काढण्यासाठी असते, तर रजा कुटुंब, आजारपण व सणवार यांसाठी असते. रजेचे दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरले, तर कागदावरील तास पूर्ण होतात, परंतु वैमानिकाच्या हाती असलेले दिवस घटतात. थकवा आल्यास नियमानुसार विश्रांती मिळेलच, असा विश्वासही त्यामुळे डळमळतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वैमानिकांच्या दैनंदिन तक्रारी आणि प्रवाशांची सुरक्षा यांत भिंत उभी करता येत नाही. मंगळूर व कोझिकोड येथील चौकशांनी शरीराचा थकवा, रोस्टर व मनुष्यबळ यांचा अपघाताशी असलेला संबंध अधोरेखित केला आहे. दुसरी, संघटनांनी परस्परांविरुद्ध वापरलेले संपाचे हत्यार बोथट ठरले, तर विश्रांतीसारख्या सामायिक प्रश्नावर संयमाने चालविलेला कायदेशीर पाठपुरावा यशस्वी झाला. तिसरी, नियम कितीही चांगला असला, तरी त्यासाठी लागणारे वैमानिक नेमले गेले नाहीत, तर त्याचा भार एक तर थकलेल्या वैमानिकावर पडतो किंवा विमानतळावर ताटकळणाऱ्या प्रवाशावर.

मध्यरात्री सोनेगावात टपालाच्या थैल्या उतरविणाऱ्या वैमानिकांच्या काळापासून विमाने बदलली, उपकरणे बदलली, प्रवाशांची संख्या अनेक पटींनी वाढली. रात्री दोन ते सहा या वेळेत झोप मागणारे माणसाचे शरीर मात्र तेच राहिले आहे. विमानाच्या यंत्राची देखभाल ठरलेल्या तासांनी झालीच पाहिजे, याविषयी कोणीही वाद घालीत नाही. यंत्र चालविणाऱ्या माणसाच्या विश्रांतीसही तोच दर्जा मिळावा, एवढीच या संघटनांच्या मागणीतील मूलभूत अपेक्षा आहे आणि ती मान्य करण्यात वैमानिकांइतकेच प्रवाशांचेही हित आहे.