कूलर, अर्थिंग आणि दोन दिवसांची शाळा

उन्हाळा लागला की वऱ्हाडातील वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. कधी घरची माउली, कधी शाळकरी पोर. बरे, कूलरशिवाय आमच्याकडे भागतही नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावले होते. महावितरण दर साल आवाहन करते की पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा, अर्थिंग तपासून घ्या. पण ते तपासावयाचे कसे? आम्ही बी.कॉम., वीस वर्षे कारकुनी केलेले. आम्हालाही ठाऊक नव्हते.

म्हणून यंदा मार्चमध्ये अमरावतीत आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात शनिवार-रविवार कूलर दुरुस्तीचे शिबिर घेतले. दोन परवानाधारक वायरमन, घरोघरून आणलेले सहा बंद कूलर आणि चोवीस मुलेमुली. चौघांत एक कूलर, एक पेचकस, एक पक्कड, एक टेस्टर.

वर्गणी मागावयास गेलो तेव्हा एका वयोवृद्ध बांधवाने अडवले. "भाऊ, बापजाद्याईचे कामं सोडा, असं बाबासाहेबानं सांगतलं. पोराले बी.ए. केलं, थे काय पेचकस फिरवाले?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. जन्माने लादलेले काम ज्यांनी टाकून दिले, त्यांना हातकामाचा संशय येणारच. पण मजूर खात्याचे मंत्री असताना बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशीही मागणी आहे. लादलेले काम वेगळे आणि शिकून मिळविलेला हुन्नर वेगळा. हे सर्व आम्ही त्या बांधवांना सांगितले. त्यांनी एकशे एक रुपये दिले, नातवाला मात्र पाठविले नाही.

पहिला सकाळचा वेळ आम्हीच वाया घालविला. उद्घाटन, हारतुरे, दोन भाषणे, मग फळ्यावर आकृत्या. (कार्यकर्त्यांचा हा जुना रोग.) मुले जांभया देऊ लागली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करता करता शिकण्याच्या तत्त्वावर. हे वाचलेले होते, आचरणात आणले नव्हते. फळा पुसला आणि कूलर उघडावयास लावले.

दर्यापूरकडच्या कूलरचा पंप पांढऱ्या थराने जाम झाला होता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी, दुसरे काय! पंखी सुटी करून व्हिनेगरच्या पाण्यात ठेवली, तेव्हा थर सुटला. दुसऱ्या एका कूलरची वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती. ती पाहून मुलींपैकी एक म्हणाली, "आमच्या घरी तर रोज याच बाजूनं पाणी टाकतो."

दुपारी वायरमनने सभागृहाच्या सॉकेटवर बल्ब लावून दाखविला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लागेना. सॉकेट उघडले तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! याच सभागृहात आमची अभ्यासिका चालते आणि दर उन्हाळ्यात दोन कूलर चालतात. सगळे गप्प झाले.

पुढचा कार्यक्रम बाजूला ठेवून मुलांनी मागच्या अंगणात खड्डा खणावयास घेतला. काळी माती, वरून टणक, खाली चिकट. रविवारी दुपारपर्यंत अडीच मीटरचा जी.आय. पाईप उभा राहिला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, पाणी ओतले. वायरमनने वायर जोडली. तीनच्या सुमारास बल्ब लागला. खड्ड्यात उतरलेल्यांत त्या वयोवृद्ध बांधवांची नात होती. ती रविवारी आपणहून आली होती. गळती ३० मिलिअँपिअरवर जाताच पुरवठा तोडणारे आर.सी.सी.बी. बसवावयाचे राहिले, कारण पैसे संपले. तेवढी वर्गणी अजून गोळा करणे आहे.

अकोल्याचे दोन कार्यकर्ते दोन्ही दिवस हजर होते. येत्या एप्रिलात त्यांचे शिबिर आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की दोन दिवस आधी वायरमनकडून सभागृहाचे अर्थिंग तपासून घ्या, आर.सी.सी.बी.चा खर्च आधीच धरा आणि प्रमुख पाहुणे बोलावू नका. कोळसा, मीठ ते तिकडेच घेणार आहेत. कुदळ-फावडी आम्ही इकडून एस.टी.ने पाठविणार आहोत.